ओला म्हणजे भिजलेला नव्हे

सकाळी सव्वाआठच्या सुमारास आमच्या गल्लीत कचरा न्यायला ताई येतात. बादली उलटी करण्याआधी त्या एकदा आत डोकावतात, दोन बोटांनी दुधाची पिशवी उचलतात, झटकतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "काकू, ही सुक्यात." पिशवीतून अजून दुधाचे थेंब गळत असतात. मध्यंतरी मी शेंगांची टरफलं आणि कांद्याची सालं सुक्याच्या डब्यात टाकली होती. चांगली खडखडीत वाळलेली होती म्हणून. त्यावर ताई म्हणाल्या, "ही ओल्यात."

म्हणजे भिजलेली वस्तू सुकी आणि वाळलेली वस्तू ओली. नव्या माणसानं गोंधळून जावं असाच हा प्रकार आहे, आणि दोष त्या माणसाचा नाही, शब्दांचा आहे. ओला आणि सुका या शब्दांवरून वस्तूची आत्ताची अवस्था कळते. बादलीपाशी उभं राहिल्यावर मात्र माहीत हवं असतं ते तिचं पुढे काय होणार. ओला म्हणजे खताकडे जाणारा आणि सुका म्हणजे भंगाराकडे जाणारा, एवढं कुणी सांगितलं तर निम्मा घोळ तिथेच मिटेल.

सरकारी मराठीनं यावर उपाय म्हणून 'जैवविघटनशील' आणि 'अविघटनशील' अशी जोडी काढली. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वर्गीकरण केलं होतं ते याच भाषेत. ही जोडी ओल्या-सुक्याचंच शुद्ध रूप आहे असं आपण समजतो, पण तसं नाही. साधं वर्तमानपत्र घ्या. ते कुजतं, म्हणून नियमाच्या शब्दात ते जैवविघटनशील. ताई ते सुक्यात घेतात, कारण रद्दीला किलोमागे पैसे मिळतात. घरी खत करणाऱ्याला तेच वर्तमानपत्र फाडून टोपलीत घालायला हवं असतं आणि त्याच्या भाषेत ते 'ब्राऊन' असतं. तिघांचंही बरोबर आहे. नारळाची करवंटी तर चौथाच पेच टाकते. ती कुजते, पण तिला वर्षं लागतात आणि तोवर खताचा खड्डा अडून राहतो.

कचऱ्यावरचे आजचे शब्द जमवायला बसलं की लक्षात येतं, ते दोन ठिकाणांहून आलेले आहेत. काही हातातून आले, काही कागदावरून. हातातून आलेले शब्द कानाला ओबडधोबड लागतात, पण ते नेमके असतात. नाव चुकलं तर भाव चुकतो किंवा पीक चुकतं, म्हणून. कागदावरून आलेले शब्द गुळगुळीत असतात आणि वस्तू शेवटी कुठे जाते हे त्यांत बरेचदा झाकलेलं असतं. 'विल्हेवाट' हा शब्द बघा. विल्हे लावणं म्हणजे ज्याची त्याची सोय लावणं, प्रत्येक गोष्ट तिच्या जागी नेऊन ठेवणं. आता 'कचऱ्याची विल्हेवाट' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो गावाबाहेर रिकामा होणारा डंपर.

मराठी घरात कचऱ्याला एकच नाव कधी नव्हतं. झाडूनं निघतो तो केर. शिजवलेल्या अन्नाचं उरतं ते खरकटं, आणि ताटात टाकलेलं ते उष्टं. भाजी निवडताना निघतात ती देठं आणि सालं. देवावरून उतरतं ते निर्माल्य, आणि ते इतर कशात मिसळत नाहीत. ही नावं सोवळ्याओवळ्यातून आली असतील, पण खत करताना त्यांतलं एक फार उपयोगी पडतं. कच्ची सालं आणि खरकटं यांत टोपलीच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरकट्यात तेल आणि मीठ असतं, पाणी तर भरपूर. ते पिळून, निथळून, थोडं थोडं घालावं लागतं. 'ओला कचरा' या शब्दानं दोघांना एका बादलीत कोंबलं आणि घरोघरच्या कंपोस्टच्या डब्यांना वास यायला लागला.

खताच्या बाबतीत गावची भाषा आणखी बारकाव्याची. गुरांचं ते शेणखत, शेळ्या-मेंढ्यांचं लेंडीखत, ताग-धैंचा वाढवून जमिनीत गाडला की हिरवळीचं खत. माणसाच्या मैल्याचं खत ते सोनखत. हा शब्द कुणी उपहासानं पाडला की खरोखरच मोल ओळखून, कोण जाणे, पण तो टिकून आहे. आणि या सगळ्याची शाळा म्हणजे उकिरडा. शहरात ती शिवी झाली. शेतकऱ्याच्या घरी मात्र ती वर्षभराची पुंजी होती. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, ही म्हण महापालिकांनी अलीकडे वेगळ्याच अर्थानं मनावर घेतली आहे, त्याबद्दल पुढे.

सुक्याच्या बाजूलाही आपल्याकडे शब्दांची श्रीमंती होती. जुनं तांब्या-पितळेचं भांडं 'मोडीत' द्यायचं, वजनाचे पैसे वळते करून नवं घ्यायचं. धातूच्या पुनर्चक्रीकरणाचं याहून सुटसुटीत वर्णन मला अजून कुठे सापडलेलं नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर यायची. साडीची परकर-पोलकी व्हायची, परकराची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. इंग्रजीत याला दोन नावं आहेत. वस्तूची किंमत वाढवून केलेला नवा अवतार म्हणजे अपसायकलिंग, आणि दर फेरीला एक पायरी खाली उतरणं म्हणजे डाउनसायकलिंग. आजीच्या पेटीत दोन्ही एकाच धाग्यानं शिवलेली असायची.

आता ज्या शब्दानं मराठीत सर्वांत जास्त नुकसान केलं आहे त्याकडे वळू. 'पुनर्वापर'. बाटली धुऊन पुन्हा भरली तर तो पुनर्वापर, आणि तीच बाटली चुरून, वितळवून तिचा धागा काढला तरी वर्तमानपत्रात बातमी 'प्लॅस्टिकचा पुनर्वापर' अशीच येते. पहिल्यात वस्तू शाबूत राहते, दुसऱ्यात ती मरते आणि फक्त माल उरतो. दुसऱ्यासाठी 'पुनर्चक्रीकरण' हा शब्द आहे, पण तो जिभेवर बसत नाही, म्हणून सगळेच पुनर्वापर म्हणून मोकळे होतात. मग सोड्याची काचेची बाटली गिऱ्हाइकाकडून परत घेऊन धुऊन वापरणारा टपरीवाला आणि रोज लाखो नव्या बाटल्या बाजारात सोडणारी कंपनी एकाच शब्दाच्या सावलीत उभे राहतात. कंपनीच्या दृष्टीनं ही सोय चांगली आहे.

चक्र म्हटलं की फिरत राहणार असं वाटतं. सगळ्याच वस्तू तशा फिरत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ कायमचं फिरतं, आणि खनिजापासून नवं काढायला लागते त्याच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत. काचही तशीच फिरत राहते. कागदाचा तंतू मात्र दर वेळी आखूड होतो. पाच-सात फेऱ्यांत तो थकतो. वहीचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा अंड्याचा ट्रे, आणि ट्रेनंतर फारसं काही होत नाही. पाण्याच्या बाटलीची पुन्हा बाटली होण्यापेक्षा पॉलिएस्टरचा धागा होणंच जास्त घडतं. त्या धाग्याचा टी-शर्ट फाटला की पुढची वाट बहुतेक बंद असते.

बाटलीच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण असतो. तो पाहून 'हे रिसायकल होतं' असं आपण समजतो. बाणांचं मूळ चिन्ह १९७० सालचं, गॅरी अँडरसन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं एका स्पर्धेसाठी काढलेलं. त्याच्या पोटात १ ते ७ आकडे घालायची पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेनं पाडली. तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पाण्याची बाटली होते ते पेट, २ म्हणजे जाड डबे-कॅन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे थर्माकोल ज्याचा असतो ते, आणि ७ म्हणजे 'इतर', अर्थात ज्याचं काय करायचं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. २०१३ मध्ये मानक ठरवणाऱ्या संस्थेनं बाण काढून साधा त्रिकोण ठेवायला सांगितलं, कारण बाणांनी लोकांची दिशाभूल होत होती. आपल्याकडच्या डब्यांवर बाण अजून फिरताहेत.

या आकड्यांपेक्षा भंगारवाल्याची भाषा मला जास्त भरवशाची वाटते. त्याच्याकडे 'प्लॅस्टिक' नावाचा माल नसतोच. कडक वेगळं, पातळ पिशवी वेगळी, पाण्याची बाटली वेगळी, दुधाची पिशवी वेगळी. अ‍ॅल्युमिनियमला तो जर्मल म्हणतो, ओतीव लोखंडाला बीड. कागदात पांढरा निराळा, रद्दी निराळी, पुठ्ठा निराळा. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये आपली संघटना बांधली तेव्हा तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ठेवलं. त्या नावात पर्यावरण नाही, स्वच्छता नाही, रोज हाताला लागणारा माल आहे. त्यातूनच २००८ साली 'स्वच्छ' ही वेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. सुका माल विकून येणारे पैसे वेचकांचेच. म्हणूनच आमच्या ताई दुधाची पिशवी झटकून घेतात.

त्या पिशवीला एक कोपरा असतो. आपण दूध काढताना कात्रीनं तो कापतो आणि तो कुठे जातो हे कुणालाच माहीत नसतं. सुक्यात गेला तर निवडायला सापडत नाही, ओल्यात गेला तर खतात येतो. कोपरा सुटा न करता फक्त चीर पाडायची, हा या विषयातला सर्वांत स्वस्त शोध आहे. राज्य सरकारनं मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतावा ठेवला होता. पिशवी परत दिली की पैसे परत. इंग्रजीत हे 'डिपॉझिट रिफंड'. मी माझ्या दूधवाल्याकडे ते ५० पैसे कधी मागितले नाहीत, त्यानंही कधी दिले नाहीत.

'मायक्रॉन' हा शब्दही त्याच काळात घरोघर पोचला. मिलिमीटरचा हजारावा भाग. पिशवी किमान किती जाड हवी याची मर्यादा देशात ५० वरून सप्टेंबर २०२१ अखेर ७५ वर आणि डिसेंबर २०२२ अखेर १२० वर नेली गेली. जाड पिशवीत प्लॅस्टिक जास्त असतं, मग हा उफराटा न्याय का, असं पुष्कळ जण विचारतात. उत्तर वेचणाऱ्याच्या पाठीत आहे. पातळ पिशव्या किलोभर जमवायला शेकडो वेळा वाकावं लागतं, त्यामुळे त्या कुणी उचलत नाही. जाड पिशवीला वजन असतं, आणि दुकानदारालाही ती फुकट वाटणं परवडत नाही.

सुक्याबद्दल इतकं पुरे. माझा जीव आहे तो ओल्यात.

'कंपोस्ट' हा शब्द परका असला तरी त्याच्या आधुनिक इतिहासातला एक मोठा टप्पा होळकरांच्या इंदुरात घडला. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं तिथल्या संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा, शेण, गोमूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी उलथून खत करण्याची रीत पक्की केली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. १९३१ मध्ये तिच्यावर जे पुस्तक आलं त्यावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या गप्पांत हॉवर्ड येतात, वाड सहसा येत नाहीत. दुसरं नाव पुसदचं. नारायणराव पांढरीपांडे यांनी शेण कमी आणि काडीकचरा जास्त असलेल्या शेतकऱ्यासाठी विटांचं भोकाभोकांचं टाकं काढलं, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. शंभरेक किलो शेण, त्याच्या चौदा-पंधरापट पालापाचोळा, थरांमध्ये चाळलेली माती, वरून शेणामातीचा लिंपा. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. त्यांच्या नावाची आद्याक्षरं इंग्रजीची वारी करून मराठीत परतली तेव्हा वडिलांच्या नावातल्या 'द'चा 'ड' झाला आणि पद्धतीचं नाव 'नाडेप' पडलं.

टाकं असो वा बाल्कनीतली टोपली, आत चालतं ते एकच. जंतूंना कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात, २५ ते ३० भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन. यालाच सी-एन रेशो म्हणतात. भाजीच्या सालांत हे प्रमाण १५-२० च्या आसपास असतं, वाळक्या पानांत ५०-६० किंवा जास्त, लाकडाच्या भुशात काहीशे. म्हणून नायट्रोजनवालं 'ग्रीन' आणि कार्बनवालं 'ब्राऊन' एकत्र घालायला सांगतात, आणि इथे शब्द पुन्हा दगा देतात. शेण तपकिरी असून ग्रीन आहे. चहाचा चोथा काळपट असून ग्रीन आहे. आमटी-भाताचं प्रमाण म्हटलं तर स्वयंपाकघरात लगेच कळेल. आमटी जास्त झाली की पचपचीत होऊन वास सुटतो, भात जास्त झाला की घास कोरडा आणि काम ठप्प.

'कल्चर' किंवा 'इनॉक्युलंट' नावाच्या पुड्या बाजारात मिळतात. मराठीत त्याला विरजण हा शब्द तयार आहे आणि तो तंतोतंत लागू पडतो. पहिल्या वेळी विकत आणावं लागलं तरी पुढे आधीच्या खताची मूठभर माती पुरते. नेमानं दर महिन्याला पुडी विकत घेणाऱ्यांना मी विचारते, तुम्ही दह्यालाही दर वेळी नवं विरजण विकत आणता का?

'एरोबिक' म्हणजे हवेत कुजणारं, 'अ‍ॅनेरोबिक' म्हणजे हवेविना. नाक हे दोन्ही ओळखतं. हवा असेल तर ढीग तापतो, ५५-६० अंशांपर्यंत जातो, आणि या तापात रोगजंतू व तणांचं बी मरतं. घरच्या टोपलीत माल कमी, म्हणून इतका ताप टिकत नाही. हात घातला तर नुकत्या झाकलेल्या भाकरीच्या दुरडीइतकी ऊब लागते. हवा नसेल तर सडका वास येतो आणि मिथेन निघतो. पण त्याच मिथेनला टाकीत कोंडलं की तो गोबरगॅस, आणि शहरात गेला की 'बायोमिथेनेशन'. पुण्यात 'आरती' संस्थेनं स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारी छोटी टाकी काढली, तिला २००६ चा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राचं नाव 'निसर्गऋण' आहे. सरकारी योजनेला इतकं चांगलं नाव क्वचित मिळतं. गोव्यात साळगावला २०१६ पासून ओल्या कचऱ्याचा मोठा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो.

गांडूळखत हे आणखी निराळं. तिथे ताप चालत नाही, गांडुळं मरतात. म्हणून माल आधी अर्धवट कुजवून मगच गांडुळांपुढे ठेवायचा. आपल्या शेतातलं खोल बिळं करणारं गांडूळ इथे कामाचं नाही, वरच्या थरात खाणारं लागतं, आयसेनिया फेटिडासारखं. 'बोकाशी' हे जपानी नाव हल्ली ऐकू येतं. ते कंपोस्ट नव्हेच, ते कचऱ्याचं लोणचं. हवाबंद डब्यात आंबवायचं, मग मातीत पुरायचं. कंपोस्टच्या डब्यात वळवळणाऱ्या जाड करड्या अळ्या पाहून लोक खत फेकून देतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, खरकटं भराभर संपवतात आणि कुणाचं काही वाईट करत नाहीत. दिसायला वाईट, एवढंच.

सगळ्यांत दुर्लक्षित शब्द म्हणजे 'क्युरिंग'. आमच्या सोसायटीनं काही वर्षांपूर्वी ओला कचरा जिरवायचं यंत्र घेतलं. विक्रेत्याचं एकच पालुपद होतं, चोवीस तासांत खत. खरोखर दुसऱ्या दिवशी रव्यासारखी तपकिरी, वाटलं तर खमंग वासाची भुकटी निघाली. मी ती हौसेनं मोगऱ्याच्या कुंडीत घातली. पाणी पडताच तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी, मग आंबूस वास, आठवड्यात पानं पिवळी. ते खत नव्हतंच. यंत्रानं कचरा दळून भाजला होता, कुजवला नव्हता. कुजायचं काम माझ्या कुंडीत सुरू झालं आणि त्यासाठी लागणारा नायट्रोजन जंतूंनी मोगऱ्याच्या तोंडचा ओढला. शेतकरी कच्चं शेणखत रानात टाकत नाही, हुमणी लागते म्हणून. हे शहाणपण लिफ्ट असलेल्या इमारतीत पोचलं नव्हतं. क्युरिंगला मराठी शब्द शोधायचीही गरज नाही. खत मुरावं लागतं, लोणच्यासारखं. मुरलेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो, आणि तो कारणाशिवाय नाही. दोन्हीकडे तेच सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करत असतात.

आता त्या दोन शब्दांकडे, ज्यांच्यावर आज बाजार चालतो. 'बायोडिग्रेडेबल' आणि 'कंपोस्टेबल'. पहिला शब्द सांगतो की सूक्ष्मजीव ही वस्तू कधीतरी खाऊ शकतात. कधी, कुठे, किती, याबद्दल तो गप्प असतो. लाकडी दारही बायोडिग्रेडेबल आहे. दुसऱ्या शब्दाला परीक्षा आहे. आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे. त्यात ५८ अंशांच्या आसपास तापमानात, १२ आठवड्यांत वस्तूचे बारीक तुकडे व्हायला हवेत आणि सहा महिन्यांत तिच्यातल्या ९० टक्के कार्बनचा वायू व्हायला हवा. म्हणजे ही परीक्षा मोठ्या, तापलेल्या ढिगातली आहे. बाल्कनीतल्या टोपलीत ५८ अंश कुठून येणार? 'ऑक्सो-डिग्रेडेबल' म्हणून तिसरा प्रकार होता, साध्या प्लॅस्टिकमध्ये रसायन घालून त्याचा भुगा व्हावा असा. भुगा होतो, पण प्लॅस्टिकचाच. युरोपीय संघानं त्यावर बंदी घातली आहे. 'इको-फ्रेंडली' या शब्दाला तर परीक्षाच नाही, म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

मी एक पिशवी तपासून पाहिली. हिरव्या शाईत 'कंपोस्टेबल' छापलेली, हाताला मऊ, थोडी पिठूळ. जानेवारीत टोपलीत मधोमध ठेवली. तिचं काय झालं ते शेवटी.

महापालिकेच्या पातळीवर शब्द आणखी फुगतात. शहराचा कचरा नेऊन टाकायच्या जागेला पुण्यात 'कचरा डेपो' म्हणतात. एसटीचा डेपो असतो तिथून गाड्या सुटतात. कचऱ्याच्या डेपोतून सुटते ती दुर्गंधी आणि 'लिचेट', म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी. या डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना हा शब्द कोशात बघावा लागला नाही, तो त्यांच्या विहिरींत उतरला. मुंबईत त्यालाच 'डंपिंग ग्राउंड' म्हणतात. देवनारचं १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. 'लँडफिल' हा शब्द दोन्हींना सर्रास लावतात, पण शास्त्रोक्त लँडफिलला तळाशी मातीचा आणि प्लॅस्टिकच्या जाड पटलाचा अस्तर-थर, झिरपणारं पाणी काढायला नळ्या आणि वायूची वाट लागते. नुसता ढीग म्हणजे ढीग.

हे जुने ढीग आता 'लेगसी वेस्ट' झाले आहेत. लेगसी म्हणजे वारसा; बापजाद्यांनी ठेवलेला वाडा नाही तर हा डोंगर. तो उकरून, वरंबे घालून, जंतूंचं पाणी शिंपडून, फिरत्या चाळणीतून गाळणं म्हणजे 'बायोमायनिंग'. शब्द खाणकामातून उसना आणलाय. तिथे जंतूंच्या मदतीनं तांबं वगैरे काढतात. इथे निघते माती, दगडविटा आणि जळाऊ चिंध्या-प्लॅस्टिक. ती माती शेतात टाकण्याइतकी चांगली असेलच असं नाही, काच आणि जड धातू त्यात राहतात. उकिरड्याची दैना फिटते ती जागा मोकळी होते म्हणून, सोनं निघतं म्हणून नव्हे.

जळाऊ भागाला 'आरडीएफ' म्हणतात. तो सिमेंटच्या भट्ट्यांत जातो, गोव्याचा कर्नाटकात जातो. वेफरच्या पाकिटासारखं अनेक थरांचं वेष्टन, जे भंगारवाला घेत नाही, त्याचीही हीच गत. याला 'को-प्रोसेसिंग' म्हणतात, पण मराठीत त्याला जाळणं म्हणतात. 'वेस्ट टू एनर्जी' हेही जाळणंच. आपला कचरा इतका पाणीदार असतो की दिल्लीतल्या तिमारपूरला १९८७ साली उभारलेला असा कारखाना २१ दिवस चालून बंद पडला होता. ओलं वेगळं केल्याशिवाय आग धड पेटत नाही, आणि ओलं नीट वेगळं केलं तर उरलेल्यातला बराच माल विकला जातो. हा पेच अजून सुटलेला नाही.

'विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व' हा शब्द एका श्वासात म्हणून दाखवणाऱ्याला मी बक्षीस देईन. अर्थ सोपा आहे. ज्यानं विकलं त्यानं गोळा करायचं. स्वीडनमध्ये १९९० च्या सुमारास ही कल्पना मांडली गेली, आपल्याकडे २०११ च्या ई-कचरा नियमांतून आली, प्लॅस्टिकच्या वेष्टनांसाठी तपशील २०२२ मध्ये ठरले. प्रत्यक्षात कंपनी प्रमाणपत्र विकत घेते आणि वेष्टन ताईंच्या टोपलीत येतं.

ताईंच्या भाषेतला एक शब्द मात्र छापील नियमांहून खूप पुढचा आहे. 'लाल ठिपका'. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल पेनानं ठिपका काढायचा. पुण्यातल्या वेचक स्त्रियांनी हा ठिपका मागितला, कारण उघडं पुडकं त्यांच्याच हाताला लागत होतं. नियमांच्या भाषेत हा कचरा म्हणजे 'सॅनिटरी वेस्ट'. ठिपक्याला भाषांतर लागत नाही. सोसायटीत पत्रक वाटलं तर कुणी वाचत नाही. ठिपका पाहिल्यावर कुणी चुकून हात घालत नाही.

जुलैत टोपली चाळली. खत काळंभोर, भुसभुशीत. चाळणीवर उरलं ते असं: दोन आंब्याच्या कोयी, सफरचंदावरची तीन चकचकीत स्टिकरं, चहाच्या पिशवीची जाळी, दुधाच्या पिशवीचा एक कोपरा, म्हणजे मीच कधीतरी चुकले होते. आणि ती पिशवी. कडा विरल्या होत्या, मध्ये भोकं पडली होती, पण 'कंपोस्टेबल'मधली पहिली चार अक्षरं हिरवीगार होती.

दुसऱ्या दिवशी ती धुऊन, वाळवून ताईंपुढे धरली. त्यांनी ती कानाजवळ नेऊन चुरगाळली. कडक आवाज येतो का ते ऐकलं. ताणून पाहिली. मग चाळणीवरचा बाकी माल बघितला, कोयी ओल्यात टाकल्या, कोपरा सुक्यात घेतला, आणि पिशवी माझ्या हातात परत दिली.

"काकू, ही भंगारात घेत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या खतानंही घेतली नाही."